झाकलेली डेमीटर

दुर्गच्या सराफाकडून आलेले लॉकेट देवाजी सरांनी दिव्याखाली धरले. त्यात मढवलेल्या नाण्याच्या एका बाजूला सातूचे कणीस होते. दुसऱ्या बाजूला, जिथे धान्याची देवी डेमीटर हिचे मुख असायला हवे होते, तिथे सोन्याचा गुळगुळीत पत्रा होता. सरांनी फोन लावला.

"भय्याजी, नाण्यावरची देवी कुठे गेली?"

"आतच हाय ना सरजी! मस्त लाखेत बसवून देली. तुमच्या घरी देवी-देवता चालत नाही ना, म्हून झाकली. आमाले समजते."

"काढता येईल?"

"येते, पण नाणं तडकू शकते. मंग मले बोल लावसान."

देवाजी सरांनी उभी हयात भिलाईच्या शाळांत इतिहास शिकवला; तेवढ्या काळात त्यांना कोणी समजून घेतल्याचे उदाहरण नाही. अखेर एकाने घेतले, ते असे.

एका परदेशी स्नेह्याने दिलेले हे ग्रीक नाणे त्यांनी मुलीसाठी, दीक्षासाठी, मढवले होते. ती बंगळूरूहून वर्षातून एकदा, चार दिवसांसाठी येई. तिने विचारावे, 'ही बाई कोण?' आणि आपण सांगावे, एवढीच योजना. बापाला सरळ बोलता येत नाही, बहुधा त्याचसाठी पुराणकथा रचल्या गेल्या असाव्यात.

दीक्षा आली. "अय्या, धान! एकदम छत्तीसगढी!"

"धान नाही, सातू. आणि मागे देवी आहे."

"देवी? आपण तेहतीस कोटी सोडले ना बाबा, अन तुमी फॉरेनची मागवून राहिले?"

सर न विचारताच सांगू लागले. दीक्षाच्या एका कानात ऑफिसची मीटिंग चालू होती, दुसऱ्यात ग्रीस. पाताळाच्या राजाने डेमीटरची मुलगी पळवली. आईने दुःखाने पृथ्वीवर दाणा उगवू दिला नाही. शेवटी देवांनी तडजोड केली, की मुलीने अर्धे वर्ष आईकडे राहावे.

दीक्षाने कानातला इयरफोन काढला. "सहा महिने? बाबा, आमचा मॅनेजर पाचवा दिवस देत नाही. तो पाताळवाला बरा होता की!"

सरांना हसता आले नाही. ज्या कथेला ते आजवर शोकांतिका म्हणून शिकवत आले, तिच्यातील आईचा त्यांना पहिल्यांदाच हेवा वाटला.

"पण ते पोरगी पूर्ण वर्ष कावून नाही राहिली?" दीक्षाने विचारले.

"पाताळात तिने डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. जिथले खाल्ले, तिथे परतावेच लागते."

दीक्षाच्या निघण्याच्या सकाळी सर सेक्टर सहाच्या बाजारात गेले. रायपूर विमानतळाची टॅक्सी दाराशी उभी राहिली, तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध असंख्य व्याख्याने दिलेल्या या गृहस्थाने मुलीपुढे डाळिंबाच्या दाण्यांची काठोकाठ भरलेली वाटी ठेवली.

दीक्षाने वाटीकडे पाहिले, मग बापाकडे.

"तुमचं हिमोग्लोबिन किती आलं होतं?"

"नऊ. पण तू—"

"अन मले देऊन राहिले? खा, तुमीच खा. आ करा."

तिने खांद्यावर बॅग असतानाच, उभ्याने, चमच्याचमच्याने सगळे दाणे त्यांना भरवले. तळाचासुद्धा सोडला नाही. मग पाया पडली आणि गेली.

देवाजी सर रिकामी वाटी घेऊन फाटकाशी उभे राहिले. ग्रीकांचा नियम स्पष्ट होता: भिलाईला परतण्याचे बंधन आता त्यांच्यावर होते, जे भिलाई सोडून कधी कुठे गेलेच नव्हते.