फेकलं म्हणजे गेलं कुठे?

डॉक्टर नाबर पेशंटची नाडी बघण्याआधी त्याची बाटली हुंगायचे.

लालबागच्या त्यांच्या दवाखान्यात पातळ औषध हवं असेल, तर बाटली घरून आणावी लागे. स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून.

"यात काल खोबरेल होतं."

"घासली ओ चांगली!"

"मग खोबरेलानेच घासली असणार."

बरोबर आलेलं माणूस दुसरी बाटली आणायला घरी पळे. तोवर पेशंट बाकावर बसून राही. निम्म्या लोकांना तेवढ्या विश्रांतीनेच बरं वाटत असावं, असा मला संशय आहे.

गिरण्यांचा संप लांबला, नवऱ्याचा पगार थांबला, म्हणून मी तिथे कामाला लागले. पुड्या बांधायच्या, काचेच्या सिरिंजा उकळायच्या आणि डॉक्टरांचं बोलणं ऐकायचं. तिसरं काम सगळ्यांत जड. दवाखान्यात "फेकून देऊ का?" असं विचारायची सोय नव्हती. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवत.

"फेकलं म्हणजे गेलं कुठे?"

"कचऱ्यात."

"आणि कचरा?"

"गाडीत."

"आणि गाडी?"

असं करत ते आम्हाला शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरापर्यंत नेत, तिथे जाळ लावत आणि धूर परत आमच्याच नाकात आणून सोडत. पर्यावरण वगैरे शब्द तेव्हा आमच्या चाळीपर्यंत पोचले नव्हते. लोक डॉक्टरांना सरळ चिक्कू म्हणत.

औषध कंपनीचा एक टाय लावलेला माणूस गुळगुळीत रंगीत पत्रकं ठेवून जाई. डॉक्टर ती चौकोनी कापून माझ्याकडे देत. एकदा त्या माणसाने स्वतःच्या कंपनीची जाहिरात एका म्हातारीच्या हातात, जुलाबाच्या पुडीवर पाहिली.

"सर, हे आमचं नवीन औषध होतं!"

"कागद उत्तम आहे हो," डॉक्टर म्हणाले. "औषधाचं बघू."

उरलेल्या गोळ्या परत आणणाऱ्यावर तर ते फार खूश असत. पाकीट न फाडलेल्या, मुदत न संपलेल्या गोळ्या एका कपाटात जात आणि ज्याची ऐपत नाही त्याला मिळत. आणणाऱ्याचं ते सगळ्यांदेखत कौतुक करत. संपाच्या दिवसांत त्या कपाटावर बऱ्याच घरांचं निभावलं. पुढे पुढे गोळ्या परत करणं ही चाळीत मानाची गोष्ट झाली.

माझ्या शेजारच्या खोलीत सुशीलावहिनी राहत. त्यांच्या नवऱ्याला, तुकारामभावजींना, टीबी झाला होता. गोळ्या वर्षभर तरी घ्यायच्या होत्या. काही महिन्यांतच वहिनी डबा घेऊन दवाखान्यात हजर झाल्या. चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला आल्यासारखा आनंद.

"ह्यां घेवा डॉक्टर. एकय गोळी वाया घालवक नाय."

डॉक्टरांनी डबा उघडला. कौतुक केलं नाही.

"या उरल्या कशा?"

"ह्यांका आता बरां वाटता. खोकलो गेलो. मगे उगाच कित्याक खायच्यो? दुसऱ्या कोणाच्या उपयोगाक येतील. तुम्हीच सांगतास ना?"

डॉक्टर उठले. बाकावरच्या लोकांना "बसा, आलो" म्हणाले आणि सरळ आमच्या चाळीकडे चालू लागले. डबा त्यांच्याच हातात होता. भावजींना तपासून झाल्यावर त्यांनी वहिनींना समोर बसवलं. औषध अर्ध्यावर सोडलं तर रोग उलटतो आणि मग याच गोळ्यांना दाद देत नाही, हे समजावून सांगितलं.

वहिनी डब्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे मियाच ह्यांका मारतंय काय?"

"तुम्ही नाही. कौतुक मी करत होतो. गोळी कुठली परत आणायची आणि कुठली नाही, ते सांगायचं राहिलं."

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना उघडण्याआधी ते रोज चाळीत येऊ लागले. गोळ्या स्वतः देत आणि गिळल्याशिवाय हलत नसत.

"जीभ वर करा."

"गिरणीतलो मुकादम बरो होतो," भावजी कुरकुरत आणि जीभ वर करत.

सुरुवातीला डॉक्टर दारातच उभे राहत. मग कॉटच्या कडेवर टेकायला लागले. मग चहा आला, घावणे आले, संपावरून भावजींशी वाद आला. रोग पुन्हा उलटतोय की काय, या धास्तीने वहिनींची झोप उडाली होती. भावजी नुसते खाकरले तरी त्या भिंतीवर थाप मारून मला बोलावत. पण खोकला परतला नाही. ठरलेली मुदत सरली, तपासण्या स्वच्छ आल्या, आणि डॉक्टरांनी भावजींच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "सुटलात. आता गोळ्या बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत पाणी भरत होते. नेहमीच्या वेळेला जिन्यावर नेहमीची पावलं वाजली. डॉक्टर वहिनींच्या दारापर्यंत आले, तिथे त्यांना आठवलं असावं. ते थांबले. बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"सहज आलो होतो," ते म्हणाले. "म्हणजे... इकडूनच जात होतो."

ते गिरगावात एकटे राहतात, हे मला ठाऊक होतं. सकाळी त्यांच्याशी बोलायलाही कोणी नसेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

भावजींनी काही न विचारता कॉटवर सरकून जागा केली. आतून वहिनींचा आवाज आला, "आज उशीर झालो तुमका. चाय आटली."