पंखा काढून दाखवा

उस्मानभाई दुकानात शिरले की त्यांचा हात आधी खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. जव्हारच्या बाजारात त्यांनी चहापत्तीचं सीलबंद पाकीटसुद्धा फोडून बघितलंय. "नाव नको सांगू, आतला माल दाखव," हे त्यांचं बोलणं सगळ्या गावाला पाठ आहे.

धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. पार खोडाळ्यापासून मशिनी येतात. तीस वर्षं शटल आणि बॉबिनची जोडी जमवण्यात गेली, त्यामुळे कशाचं कशाशी जमतं हा एकच प्रश्न त्यांना पडतो. एका मासिकाबरोबर लिनक्सची फुकट सीडी आली, त्यांनी कॉम्प्युटर जुळवायला घेतला आणि माझी झोप उडाली. मी त्यांचा शेजारी, वर शाळेत कॉम्प्युटर शिकवणारा. दोन्ही गुन्हे माझेच.

कॉम्प्युटर चालू झाला, पण पडदा सारखा थरथरायचा.

"लिनक्सला तुमचं ग्राफिक्स कार्ड नीट ओळखता येत नाही," मी म्हणालो. "पण कामापुरतं चालतंय ना?"

"चालतंय आणि जमतंय यात फरक आहे, सर."

झालं. सकाळ-संध्याकाळ माझ्या ओट्यावर येरझाऱ्या. बसा म्हटलं तर बसायचे नाहीत. कंटाळून मी लिनक्सवर चालणाऱ्या चिपांची यादी शाळेतून छापून आणली. त्यांनी ती पानं मशीनवर शिवून वही केली.

मुंबईहून कार्ड मागवलं. खोक्यावरचं नाव यादीत होतं, पंख्याखालची चिप भलतीच निघाली. दुसरं कार्ड मदरबोर्डाच्या खाचेत बसेना, तर महाशय कानस घेऊन ते घासायला बसले. मी हात धरला म्हणून वाचलं.

शेवटी मला ओढत नाशिकला नेलं. दुकानदारानं कार्ड पुढे ठेवलं.

"पंखा काढून दाखवा."

"चाचा, वॉरंटी जाईल."

"जाऊ दे. विकत घेतो, मग काढतो. पण इथंच."

पंखा निघाला. भिंगातून नंबर वाचला, वहीत बोट फिरलं, आणि उस्मानभाई चक्क खुर्चीवर बसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो. पडदा स्थिर होता, पण त्यावर जेमतेम चार ओळी. एकेक अक्षर लिंबाएवढं. माझं डोकंच फिरलं.

"एवढ्यासाठी मला पिदवलंत? मोठी अक्षरं तर जुन्या कार्डावरही दिसत होती."

"दिसायची, पण हलायची. हिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं."

तेव्हा मला फरीदाभाभी दिसल्या. पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. त्यांना साखर आहे हे ठाऊक होतं, नजर इतकी गेली हे त्यांनी कळू दिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मुलगी शमा नाशिकला नर्सिंग शिकते. तिथल्या कॉम्प्युटरवर आईला पत्र लिहिते आणि एसटीच्या ड्रायव्हरबरोबर फ्लॉपी पाठवते.

"आधी कागदावर लिहायची, मी वाचून दाखवायचो," उस्मानभाई मला बाहेर आणत म्हणाले. "मग पोरगी नुसतं 'मी बरी आहे, तुम्ही बरे असा' एवढंच लिहायला लागली. आईला सांगायचं ते बापाच्या तोंडून कसं जायचं?"

आत भाभी हसल्या. मग हसू थांबलं, त्या परत पडद्याला नाक लावून वाचू लागल्या.

उस्मानभाईंच्या येरझाऱ्या परत सुरू झाल्या. दारापर्यंत जायचे, परत यायचे.

"काय लिहिलं असेल हो, सर?"

"जाऊन बघा की."

त्यांचा हात खिशाशी गेला आणि तिथंच थांबला.

"नको," ते म्हणाले. "तिचं तिला वाचू दे."