टाकीतलं कबूतर

हिरामणने फळ्यावर सरळ लिहिलं होतं, ‘वरच्या टाकीत कबूतर मरून पडलं आहे. पाणी पिऊ नये.’ अर्ध्या तासात चिखलोलीच्या त्या चार मजली इमारतीत भांडण पेटलं, ते कबूतर कोण यावरून.

चूक हिरामणचीच. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून तो जिन्याखालच्या फळ्यावर दर रविवारी रूपककथा लिहायचा. नाव घ्यायचं नाही आणि मार मात्र बरोबर बसतो, असा त्याचा हिशेब. दुसऱ्याच्या जागेत स्कूटर लावणारा खजिनदार महेंद्र ‘परक्या घरट्यात अंडी घालणारी कोकिळा’ झाला होता. मोटर लावून सगळ्यांचं पाणी ओढणारी चौथ्या मजल्यावरची कौसाबाई ‘तळं पिणारी म्हैस’. त्या दोघांचा राग अजून उतरला नव्हता.

सेक्रेटरी बाळाजी बनियनवरच खाली आला. “काय रे हिरामण, मी कबूतर? तेही मेलेलं?”

“बाळाजी, खरंच कबूतर आहे. पंखवालं! गच्चीची चावी दे. नातीला सकाळपासून उलट्या होतायत.”

“म्हणजे माझ्या कारभाराने लोकांना उलट्या होतात?”

हिरामणने खिशातून करडं पीस काढलं. “हे बघ, नळातून आलं.”

बाळाजीने ते उजेडात धरलं. “वा! आता पुरावापण प्रतीकात्मक!”

“टाकी म्हणजे सोसायटीचा फंड,” महेंद्र तडकला. “पाणी पिऊ नये म्हणजे पैसे खाऊ नये. सीधा बोला ना काका, घुमवून कशाला?”

“फंड गेला खड्ड्यात!” कौसाबाई ओरडली. “टाकीच्या खाली कोण राहतं? मी! मागच्या टायमाला म्हैस केली, आता मुडदा केला!”

“मावशी, तुम्हाला कबूतर कोण म्हणेल?” महेंद्रने समजूत घातली. ते तिला जास्तच लागलं.

ओरडून घसे कोरडे पडले, तशी कौसाबाई घरातून पाण्याचा जग घेऊन आली.

“पिऊ नका!” हिरामण किंचाळला.

“ऐकलंत? तोंडावर टोमणा!” म्हणत तिने पेला रिकामा केला. बाकीचेही हट्टाने प्यायले.

“चावी दे, बाळाजी.”

“नाही देणार. चावी दिली म्हणजे मी कबूतर असल्याचं कबूल केल्यासारखं होईल.”

हिरामणने घरातून बत्ता आणला आणि गच्चीचं कुलूप फोडलं. सोसायटीच्या मालमत्तेची नासधूस करताना त्याला रंगेहाथ पकडायला सगळे मागोमाग धावले. बाळाजीने स्वतःच टाकीचं झाकण ओढलं. “बघा, आहे का काही—”

पाण्यावर फुगलेलं कबूतर तरंगत होतं. कौसाबाई आधी कठड्याकडे पळाली, मग महेंद्र. बाळाजीला तेवढंही जमलं नाही.

टाकी धुतली गेली. डॉक्टरचं औषध घेऊन नात संध्याकाळी पेज प्यायली. हिरामणचा राग मात्र उतरेना. दुसऱ्या दिवशी त्याने आयुष्यातली सगळ्यात जहाल रूपककथा लिहिली: ‘एका पाण्यात बेडूक राहत. पाणी नासलं, हे सांगायला एकजण गेला. बेडूक त्याच्यावरच डराव डराव करत बसले, आणि तेच पाणी पीत राहिले.’

मग खुर्ची टाकून तो स्फोटाची वाट बघत बसला.

बाळाजीने कथा दोनदा वाचली. चेहरा पडला. त्याने हात जोडले. “हिरामण, काल चुकलं बाबा. आज नाही चुकणार.”

आणि जिन्यात तोंड घालून तो ओरडला, “महेंद्र, बॅटरी आण! कौसाबाई, चाळण घ्या! टाकीत बेडूक पडलेत!”