काटासाहेबांची पिशवी

सासऱ्यांच्या खाटेला टांगलेली लघवीची पिशवी शेजारच्या काकूंना दिसू नये म्हणून सुनेने मांडीवरची उशी पुढे धरली आणि ती धरूनच बसून राहिली. काकू आजाऱ्याला भेटायला आल्या होत्या आणि उठायचं नाव घेत नव्हत्या. हवापाणी झालं, नळाचं कमी येणारं पाणी झालं, स्वतःचे गुडघे झाले, मग दुसऱ्यांचेही झाले. सुनेच्या हाताला रग लागली. काकू एकदाच्या गेल्या तेव्हा सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"सूनबाई, यावर काहीतरी विण," ते भिंतीलाच म्हणाले.

सुनेला वाटलं, ताप डोक्यात गेला. कारण तिच्या विणण्याचं नाव काढलं की आजवर या माणसाच्या कपाळाला आठी पडायची. बाकीच्या बायका लोकरीचं विणतात, हिला सुतळी लागायची. क्रोशाची जाड सुई आणि सुतळीचा गुंडा घेऊन बसली की घरातली एखादी वस्तू नटूनच उठणार. कांद्यांची टोपली सुतळीची, पायपुसणं सुतळीचं, दिव्यावरची टोपी, साबणाची जाळी, रिमोटची खोळ, सगळी सुतळीचीच. "अगं, सुतळी पोती शिवायला असते," सासरे म्हणायचे. तिने गॅसच्या सिलिंडरला झालरीचा झगा घातला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मुलगी मोठी झाली, आता हिचं लग्न कधी?" आणि पाहुण्यांना ते हमखास बजावायचे, "आमच्याकडे एका जागी फार वेळ बसू नका. विणून टाकतील."

"यावर म्हणजे कशावर, बाबा?"

"कळून न कळल्यासारखं करू नकोस. त्या पिशवीला खोळ कर. येतो तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग तिच्याकडे, आणि मग पुन्हा तोंडाकडे बघायची त्याला लाज वाटते."

सासरे वजनमापांचे निरीक्षक होते. उभा बाजार त्यांना काटासाहेब म्हणायचा. ते वळणावर दिसले की दुकानदार तराजूची पारडी पुसायला लागत. असा माणूस आता एका नळीला बांधला गेला होता, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला जे होतं ते अख्ख्या जगाला दिसत होतं. सुनेने क्रोशाची सुई शोधली. तिने गुंडा काढला.

"थांब. आधी माप घे," काटासाहेब म्हणाले. "आणि भरलेली असताना घे. रिकाम्याच्या मापावर लोक फसवतात."

तिने भरलेलीचं माप घेतलं. मग सूचना सुरू झाल्या. वर नळी जायला चीर हवी. खाली तोटीसाठी भोक हवं. आणि एका बाजूला वरपासून खालपर्यंत उभी फट हवी, म्हणजे आत किती साठलंय ते आकडे वाचता येतील.

"अहो बाबा, झाकायचंय की दाखवायचंय?"

"फट भिंतीकडे ठेवायची. जगापासून झाकायचंय, मापापासून नाही."

पहिली खोळ झाली ती दोन बोटं आखूड. "उसव," काटासाहेब म्हणाले.

"बाबा, दोनच बोटं आहेत."

"दोन बोटांवर मी दुकानं बंद केलीयत."

तिने उसवली. दुसरी ओझ्यानं लोंबायला लागली. तीही उसवली. सुतळीनं बोटांची सालं निघाली, तरी तिसऱ्या वेळी तिने मुक्या खांबांचे टाके इतके घट्ट घातले की त्यातून मुंगीही जाऊ नये, आणि काठाला आपल्या हौसेनं एक छोटी वेल काढली. काटासाहेबांनी ती आडवी धरली, उभी धरली, भोकातून बोट घालून पाहिलं. "चालेल," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकायला दुकानदार देव पाण्यात घालून बसायचे. सून स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा हजर. "अगंबाई, काय सुरेख पिशवी! काय ठेवता हो यात?"

"माझं खाजगी आहे. हात लावायचा नाही," काटासाहेब कडाडले. कितीतरी दिवसांत ते असे बोलले नव्हते. काकू पाच मिनिटांत उठल्या. मग काटासाहेबांनी सुनेला जवळ बोलावलं.

"यात काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. मी गेल्यावरही नाही. माझ्या लेकीला तर मुळीच नाही. माझं बोट धरून ती बाजारातून चालायची तेव्हा दुकानदार उठून उभे राहायचे. तिला तेवढाच बाप आठवू दे. शब्द दे मला."

"दिला, बाबा."

आणि काही दिवसांनी, सकाळचा चहा कपात निवत असताना, काटासाहेब गेले. सुनेने नळी, औषधं, चादरी, सगळं एका गाठोड्यात बांधून टाकून दिलं. खोळही त्यातच जायला हवी होती. पण जी तीन-तीनदा उसवून विणली ती कचऱ्यात टाकायला विणणाऱ्या बाईचा हात उठत नाही, हे दुखणं दुसऱ्याला कळायचं नाही. तिने ती उकळत्या पाण्यातून काढली, साबणानं घासली आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातली. सगळं तिथेच बिघडलं.

आजारपणात जिला काटासाहेबांनी भेटायला येऊच दिलं नव्हतं ती नणंद रडत आली, रडत बापाच्या पायाशी बसली आणि तोंडावर पाणी मारायला गॅलरीत गेली. परत आली ती हातात खोळ घेऊनच.

"वहिनी, ही कुणाची गं?"

सून तोंड उघडणार तोच काकूंनी उघडलं. "ही तर काटासाहेबांची! शेवटपर्यंत खाटेला होती. जीव होता त्यांचा हिच्यात. मला हातसुद्धा लावू दिला नाही!"

"आणि मला कुणी बोललं नाही?" नणंदेने पिशवी छातीशी धरली. "काय ठेवायचे बाबा यात?"

सगळी खोली सुनेकडे बघायला लागली. नवराही बघायला लागला. त्याला काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आजारपण म्हटलं की त्याला खोलीबाहेर काम निघायचं, आणि खाटेच्या त्या बाजूकडे त्याने कधी मान वळवून पाहिलंच नव्हतं.

"पुस्तकं," सून म्हणाली.

"बाबा आणि पुस्तकं?"

"शेवटी शेवटी गोडी लागली होती, वन्सं."

"मग खाली हे भोक कशाला?"

"हवा खेळायला. नाहीतर कसर लागते."

"आणि बाजूची फट?"

"कुठलं पुस्तक आहे ते... बाहेरूनच वाचता यावं म्हणून."

"बाबांचं डोकंच तसं होतं," म्हणून नणंदेने पुन्हा हंबरडा फोडला. "छान झालीय गं. कधी विणलीस?" नवऱ्याने हळूच विचारलं. सुनेने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बाहेर गेला. पुढच्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांनी आणलेली फळं नणंदेने त्याच पिशवीत भरली आणि बापाची आठवण म्हणून प्रत्येकाला आपल्या हातानं वाटली. सगळ्यांनी खाल्ली. सुनेने पोट बिघडल्याचं सांगितलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी देव पावला म्हटलं असतं. पण काटासाहेबांच्या जुन्या कचेरीत शोकसभा ठरली, आणि तिथे बोलायला जावई उभे राहिले. जावई विम्याच्या कचेरीत साहेब होते. माणूस वाईट नव्हता, पण चार डोकी समोर दिसली की त्यांना राहवत नसे. त्यांनी आपल्या बॅगेतून खोळ काढली आणि सभेपुढे उंच धरली.

"मंडळी! ही आमच्या सासऱ्यांची ग्रंथपेटी! ज्या माणसानं हयातभर धान्य मोजलं, त्यानं अखेरच्या दिवसांत ज्ञान साठवलं. ही फट पाहा. आपल्यापाशी किती साठलं, हे ते रोज या फटीतून पाहायचे!"

सुनेने रुमाल तोंडात कोंबला.

"आणि हे खालचं छिद्र! याचा अर्थ काय? याचा अर्थ हाच, की जे साठतं ते अडवून धरायचं नसतं. ते वाहू द्यायचं असतं!"

सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. सुनेचे खांदे गदगदा हलत होते. शेजारच्या बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडून घे गं, रडून घे," ती म्हणाली. आणि खरं सांगायचं तर थोड्या वेळानं सून खरोखरच रडत होती. खोटं ती बोलली होती आणि हसं काटासाहेबांचं होत होतं, तेही लोक उठून उभे राहात असताना. कारण सगळे खरंच उठून उभे राहिले होते.

सभा संपल्यावर मोठ्या साहेबांनी इच्छा सांगितली, की पिशवी कचेरीच्या भिंतीवर फोटोखाली लावू. नणंद वाघिणीसारखी पुढे झाली. "बाबांची आहे. माझ्याकडे राहील."

"वन्सं, मी तुम्हाला दुसरी विणून देते ना," सून काकुळतीला आली. "याहून चांगली देते. दोन देते."

"दुसरीला बाबांचा हात लागलाय का?"

पिशवी नणंदेच्या बाहेरच्या खोलीत बापाच्या फोटोखाली खिळ्याला लागली, आल्यागेल्याला दाखवली जाऊ लागली. इकडे सुनेच्या जिवाला घोर लागला. कधीतरी एखादा डॉक्टर पाहुणा येईल, नाहीतर एखादी नर्स. वरची चीर, खालचं भोक, बाजूची फट, एका नजरेत ओळखतील आणि हसत सुटतील. मग नणंदेच्या डोळ्यांपुढे काटासाहेब नाही, नळी येईल. दिलेला शब्द त्या खिळ्याला लटकत होता. सुनेने नणंदेकडे जाणं सोडलं आणि सुतळीला हात लावणंही सोडलं. सिलिंडरचा झगा मळला तरी तिने तो काढून धुतला नाही.

मग एक दिवस नणंदेचा फोन आला. जावयांचं एक छोटं ऑपरेशन झालं होतं. "भेटायला वगैरे येऊ नका हं. अगदी बरे आहेत. कुणालाच येऊ देत नाहीये आम्ही."

"येऊ नका म्हटलं म्हणजे जायलाच हवं," नवरा म्हणाला, आणि दोघं गेली. तो सवयीप्रमाणे दाराबाहेरच्या बाकावर बसला. सून आत गेली. बाहेरच्या खोलीत फोटोखालचा खिळा रिकामा होता. ती तशीच आतल्या खोलीच्या दाराशी आली.

जावई भिंतीकडे तोंड करून पडले होते. खाटेच्या दांडीला खोळ टांगलेली होती. वरून नळी आत गेली होती, खालून तोटी बाहेर आली होती, आणि फट बरोबर भिंतीच्या बाजूला होती.

"या, वहिनी," जावई भिंतीला म्हणाले. एवढा बोलका माणूस असा गप्प पडलेला पाहून सुनेला गलबलून आलं.

नणंदेने तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. चहाचं आधण ठेवलं. मग आधणाकडेच बघत तिने विचारलं.

"वहिनी, बाबा पुस्तकं वाचायचे ना गं?"

सुनेने साखरेचा डबा पुढे सरकवला. शब्द तो शब्द. "हो, वन्सं."

"जाड होती का?"

"चांगली जाडजूड."

"आणि ती... ती बदलायचं वगैरे... सगळं तूच करायचीस? रोज?"

"मीच."

"आणि बाबा कुणालाच काही..."

"त्यांना वाचताना कुणी पाहिलेलं आवडायचं नाही."

नणंदेने गॅस बंद केला आणि सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवलं. बाप गेला त्या दिवशी रडली नव्हती इतकी ती रडली, आवाज न करता. सुनेने तिला रडू दिलं. मग नणंदेने पदराला तोंड पुसलं, सुनेच्या सालटं निघालेल्या बोटांच्या जुन्या खुणांवरून अंगठा फिरवला.

"ह्यांनाही आता वाचनाची गोडी लागलीय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, काही दिवस वाचावं लागेल."

"लागतं, वन्सं."

"मला आणखी एक विणून दे. ही धुवायला घातली की ह्यांची फार पंचाईत होते, खोलीत मलासुद्धा येऊ देत नाहीत. आणि कुणाला सांगू नकोस. दादालाही नाही."

"माप घेऊन ठेवू का?"

"माप कशाला?" नणंद म्हणाली. "काटासाहेबांचं माप आहे ते. बोटभरसुद्धा चुकलेलं नाही."

परतताना सून सुतळीच्या दुकानापाशी थांबली. इतक्या दिवसांनी तिला तिथे उभी पाहून नवऱ्याला बरंच वाटलं असावं. वाटेत त्याने दोनदा कुठे आडोसा मिळतो का ते शोधलं होतं, आणि आता तो पुन्हा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"आता काय विणणार?" त्याने विचारलं.

"पुस्तकांची पिशवी."

"पुन्हा? पण आपल्या घरात वाचतंय कोण?"

सुनेने त्याला एकदा डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं.

"अजून तरी कुणी नाही," ती म्हणाली, आणि दुकानदाराकडे वळली. "दोन गुंडे द्या."