पुंडलिकनगरची नदी

तात्यासाहेबांनी जन्मात एकाच सरकारी पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि तेवढ्यानं एक संस्कृती उभी राहिली.

पत्र पाणीपुरवठा कार्यालयाचं होतं. ‘आपल्या घरासमोरील जलवाहिनी फुटली आहे किंवा कसे, याचा लेखी खुलासा करावा. त्याशिवाय दुरुस्ती करता येणार नाही.’ तात्यासाहेब इतिहासाचे निवृत्त शिक्षक. पाणी डोळ्यांदेखत वाहत होतं. पण खात्रीनं सांगणारे आपण कोण, या शंकेनं त्यांनी पत्र पुस्तकात घालून ठेवलं.

पाणी वाहत राहिलं. कोपऱ्यावरच्या बांधकामाची काळी माती त्याच्याबरोबर येऊन गल्लीच्या कडेला साचली. धुणीभांडी करणाऱ्या भागूबाईनं तिच्यात मेथी टाकली. आठवड्यातून एकदा पाणी सुटे तेव्हा पूर येई, ओसरला की नवा गाळ. मेथी गुडघ्याला लागली.

“लई ग्वाड माती हाय,” भागूबाई म्हणाली. “आमच्या देवगाव रंगारीला बी अशी नव्हती.”

खाऊन उरलं म्हणून बाजार भरला. बाजार आला म्हणून राखणदार आला: सुदर्शन, एम.ए. राखणदाराला पोसायचं म्हणून कर आला, आणि कर घ्यायला काकासाहेब राजे झाले. कालपर्यंत ते गल्लीच्या गणेश मंडळाचे खजिनदार होते. जलवाहिनीच्या व्हॉल्व्हला कुणीतरी शेंदूर फासला. नदीकाठी संस्कृती जन्मते हा जन्मभर शिकवलेला धडा खरा निघाला, म्हणून तात्यासाहेब खिडकीआड एकटेच हसत.

एके दिवशी खालच्या गल्लीतून विशाखा आली, त्यांची जुनी विद्यार्थिनी. हातात रिकामी घागर.

“सर, महिना झाला, नळाला थेंब नाही. तुमचा तेवढा कागद गेला की पाईप जोडतील हो.”

“परकीय आक्रमण!” सुदर्शन ओरडला.

लगेच दरबार भरला. “कागद धाडता व्हय, तात्यासाहेब?” भागूबाई रडकुंडीला आली. “माझं वावर जातंय की!”

काकासाहेबांनी करातली मेथीची जुडी तात्यासाहेबांच्या हातात ठेवली. “धाडा की. फक्त तुम्हाला शोभेलसं लिहा. संशोधक माणूस तुम्ही!”

संशोधक! आजवर बायकोनंसुद्धा म्हटलं नव्हतं. तात्यासाहेबांनी लिहिलं: ‘सदर ठिकाणी जलवाहिनी फुटलेली नाही. सदर ठिकाणी नदी असून ती प्राचीन आहे.’

उस्मानपुऱ्यातल्या टपालपेटीपाशी त्यांना पुन्हा शंका आली. प्राचीन की अतिप्राचीन? विशाखाची घागरही आठवली. पण इतिहास नेहमी वरच्या अंगाची माणसं लिहितात. खालच्या अंगाच्यांनी तो पाठ करायचा असतो. विशाखानं केला होता, पैकीच्या पैकी मिळाले होते. तुम्हीही केला असेलच.

त्यांनी ‘अति’ घातलं आणि पत्र पेटीत टाकलं.