जनूशेठची इटली

आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहणारे जनूशेठ म्हात्रे स्वतःच्या घरात डोळे मिटून चालतात. झोपेत नव्हे. चांगले जागेपणी, चहा पिऊन झाल्यावर, अनवाणी, उजवा तळवा भिंतीला लावून. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्याविरुद्ध आलेला तक्रार-अर्ज घेऊन त्यांच्या उघड्या दारात उभा होतो. भिंत संपली तसे त्यांनी डोळे उघडले आणि जराही न ओशाळता म्हणाले, "या सेक्रेटरी. भिंत बगत व्हतो."

"डोळे मिटून?"

"इटलीन असाच हाय!"

इटलीन म्हणजे इटलीत. आमच्या भाईंदरच्या राई गावच्या जुन्या बोलीत घरात म्हणजे घरान, खाडीत म्हणजे खाडीन. तेव्हा इटलीत म्हणजे इटलीनच होणार. जनूशेठ इटलीला कधीच गेलेले नाहीत. ते वसईच्या पलीकडेही फारसे जात नाहीत, कारण तिकडे आपल्यासारखी भाकरी मिळत नाही असं त्यांचं मत आहे.

आता इटली इथे आली कुठून, तर त्याला थोडाफार बिल्डर जबाबदार. जनूशेठचं मिठागर कधीच बंद पडलं होतं. राहतं घर होतं, ते पाडून त्या जागेवर ही इमारत उभी राहिली. बिल्डरनं तिला कुठल्याशा इटालियन गावाचं नाव दिलं. ते नाव वॉचमन एक म्हणतो, रिक्षावाले दुसरं म्हणतात आणि माझ्या बायकोनं रत्नागिरीच्या नातेवाइकांना पत्ता सांगताना ते सोडूनच दिलंय. जनूशेठला जमिनीच्या बदल्यात दोन फ्लॅट मिळाले. एकात मुलगा-सून, दुसऱ्यात ते स्वतः आणि त्यांची थोरली बहीण.

फ्लॅट ताब्यात आला तेव्हा फरशी इतकी चकचकीत होती की वाकून भांग पाडावा. आठ महिन्यांनी जनूशेठनी ती सगळी उखडली. बरोब्बर खाली, पाचव्या मजल्यावर मी राहतो. सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे मला माझीच तक्रार माझ्याकडेच करावी लागली.

"शेठ, नव्या फरशीला काय झालं?"

"तिला काय जालं न्हाय. पन आपून इटालियन करतोय. एकदम जुनं, पारंपरिक."

कामासाठी त्यांनी मीरा रोडची खुशबू नावाची एक इंटिरियरवाली गाठली होती. हुशार मुलगी. तिनं टॅबवर त्यांना इटली दाखवायला सुरुवात केली: संगमरवरी खांब, सोनेरी आरसे, छतावर गुबगुबीत पंखवाली बाळं. मी नेमका तिथे होतो. जनूशेठ दोन-चार चित्रं बघून त्यांच्या खास हिंदीत म्हणाले, "ये खंबा-बिंबा नको. किसान का घर दिखाव. इटली में किसान क्या राजवाडे में रहता?"

खुशबू चमकली. तिनं शोधून शोधून इटलीतली खेड्यातली घरं काढली. चुन्याच्या खरबरीत भिंती, भाजलेल्या मातीच्या लाद्या, जाड कमानी, आढ्याला लाकडी तुळया. जनूशेठ खूश. "हां! ये असली है."

मग सुरू झालं युद्ध. खुशबूचं म्हणणं, सगळीकडे एकच लादी हवी. जनूशेठना हॉलमध्ये गुळगुळीत, पॅसेजमध्ये खडबडीत आणि बाथरूमच्या तोंडाशी रेघा-रेघांची हवी होती.

"अंकल, मॅच नहीं होगा."

"मॅच नको. फरक पायजे. पाव को समझना मंगता."

"इटली में ऐसा नहीं होता, अंकल."

"तू गेलीस काय इटलीला?"

ती गेली नव्हती. वाद तिथेच मिटला. स्वयंपाकघराला कमान काढली, तीही इतकी जाड की तिच्यावरून मांजर आरामात फिरावं. चुन्याचा गिलावा गवंड्यानं सवयीनं घोटून गुळगुळीत केला, तर जनूशेठनी तो खरवडायला लावला. "बोटांना लागला पायजे!" गवंडी भागलपूरचा होता. तो मला जिन्यात म्हणाला, "साहब, बीस साल से चिकना करना सीखा, ये बोलते हैं बिगाड़ो." हॉलच्या मधोमध एकही टेबल नाही, स्टूल नाही, सगळं सामान भिंतीला चिकटून. हॉलची शोभा वाढवायला सुनेनं मधे ठेवायची काचेची टीपॉय आणली, ती जनूशेठनी त्याच दिवशी तिच्याच फ्लॅटमध्ये पोचवली.

सगळ्यावर कळस म्हणजे बाल्कनीतलं कारंजं. मातीच्या सिंहाच्या तोंडातून पाणी, खाली कुंडी. ते दिवसभर खळखळ वाजायचं. "इटलीन अंगनान कारंजा असतोच." खाली आमच्या बाल्कनीत बायकोनं वाळत घातलेले पापड त्याच्या शिंतोड्यांनी भिजले. त्या दिवसापासून तिनं इटलीचं नाव टाकलं.

मला खरं आश्चर्य वेगळंच वाटे. हा सारा थाट बघायला घरात होतं कोण? जनूशेठची बहीण, जिला सगळे नुसतं 'बाय' म्हणतात, तिला काचबिंदूनं गेली कित्येक वर्षं दिसत नव्हतं. आईच्या मागे तिनंच जनूशेठना वाढवलं, मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या. आता पंचाहत्तरीच्या पुढची ही बाई दिवसभर सोफ्याच्या एका टोकाला बसून असायची. मी गेलो की "कोन?" विचारायची आणि भावाच्या नावानं बोटं मोडायची. "येडा जालाय जनू. पैशाला पाय फुटलेत."

मी मनात म्हणायचो, खरंय बाय. तुम्हाला काय इटली आणि काय भाईंदर.

काम एकदाचं संपलं. जनूशेठनी कमिटीला जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, सुक्या बोंबलाची चटणी. "इटलीन पन मासलीच खातात," असं म्हणून त्यांनी मला तिसरी भाकरी वाढली. बाकीचे हात धुऊन, कारंज्याचे फोटो काढून गेले. मी मागे राहिलो, कारण तक्रारींच्या अर्जांवर त्यांची सही घ्यायची होती.

मी पेन काढतोय तोच बाय सोफ्यावरून उठली. मी धरायला पुढे झालो. जनूशेठनी माझं मनगट असं पकडलं की पेन खाली पडलं. तोंडावर बोट.

बायचा तळवा भिंतीवर सरकत गेला. गुळगुळीत लादी संपली, पाय क्षणभर थबकला, खडबडीत लादीवर पडला. कमान आली तशी तिनं तिची कड चाचपली आणि आत वळली. भांड्याचा आवाज आला. एक पेला पाणी ती उभ्या उभ्या प्यायली. मग दुसरा. मग परत येऊन बसली, जणू काही झालंच नाही.

जनूशेठनी मला बाल्कनीत ओढत नेलं. कारंज्यापाशी उभे राहून हळू बोलू लागले.

"जुन्या घरान बाय वाऱ्यासारखी फिरायची. भिंत तिला वाट सांगायची. हितं आली नं समदं सारखंच. काच कनची, भिंत कनची, कलंना. मोरीत जायला मी हात धरून न्यायचो. लाजायची वं ती. मी भाऊस ना. मंग तिनं पानी प्यायचंच सोडलं. दिसभर तांब्या भरलेला. मना येक म्हयना कललाच न्हाय."

कारंजं वाजत होतं. आता मला कळलं, बाल्कनी कुठे आहे ते बायला कोण सांगत होतं.

"मग सरळ सांगायचंत की, बायसाठी करतोय म्हणून," मी म्हटलं. "मी काय, अख्ख्या सोसायटीनं हातोड्याचा आवाज सोसला असता."

"तिच्यासाठी म्हनलो असतो तर दुसऱ्या दिशी बोचकं बांदून निगाली असती. तिच्यावर कोनी खर्च केलेला चालत न्हाय तिला. माजी हौस म्हनली की मंग ती शिव्या देते नं गप बसते."

मी अर्ज घडी करून खिशात घातले. सही काही घेतली नाही.

जनूशेठ भांडी आवरायला आत गेले. मी दारात चपला घालत होतो, तर बाय भिंतीला हात लावत माझ्यामागोमाग आलेली.

"सेक्रेटरी, लोक हसतात ना जनूला?"

"छे हो, बाय."

"हसू दे." तिनं आवाज आणखी खाली आणला. "कनची इटली नं काय. मना पयल्या दिशीच कललाय, पाय ठेवला तवाच. पन तुमी तेला बोलू नका. तेला वाटतंय बाय फसली. वाटू दे."

आतून जनूशेठ ओरडले, "बाय, कोनाशी बोलतेस गं?"

"कोनाशी न्हाय," बाय तितक्याच मोठ्यानं ओरडली. "तुज्या इटलीचा दार लावतंय!"

आणि दार लागलं. मी जिन्यात थांबून ऐकलं. कडी एका दमात बसली, जराही न चाचपडता.