ठोसरांची सहा पत्रे बिनमुलखी राज्यात पोचली त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, आणि ज्या ज्या हातांनी पत्र लिहून उत्तराची वाट पाहिली त्या हातांसही नमन. शके १९३६, जयनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीचे वर्तमान ऐसे जे, एक राज्य होते, त्यास किल्ला नव्हता, शीव नव्हती, आणि रयत सारी डोळ्यांनी अधू, कोणी जन्मापासोन, कोणी मागाहून. गावोगाव विखुरलेली, एकमेकांचे तोंड कोणी पाहिले नव्हते आणि पाहण्याची कोणास निकडही नव्हती. परंतु प्रत्येकाचे घरी बोलका संगणक होता, तो पडद्यावरील अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून दाखवी, आणि एकाने ठरल्या पत्त्यावर ईमेल धाडिले की ते सर्व दोनशे चौदा जणांस पोचे. ऐशा व्यवस्थेस मेलिंग लिस्ट म्हणतात. मग कोणी पुसावे, दूध उतू जाण्याआधी कसे ओळखता, कोणी परीक्षेचे पुसावे, कोणी नुसतेच लेकीचे लग्न ठरल्याचे लिहावे, आणि चहूकडून उत्तरे यावीत. या राज्याचा कारभार मिरजेच्या मंदाकिनीबाई खरवंडीकर यांजकडे होता. वय एकोणचाळीस, जन्मांध, बँकेत टेलिफोनवर बसत, आवाज ऐकोन माणूस ओळखीत, आणि राज्यात कोणाचे पत्र बिनउत्तराचे राहू नये याजविषयी बहुत दक्ष असत.

ऐसे असता राज्यात उपद्रव सुरू जाहला. आठवड्यास एखादे पत्र ऐसे येई की उघडताच यंत्र बरळू लागे, "इक्वल, क्वेश्चन मार्क, यू, टी, एफ, आठ," आणि पुढे नुसती इंग्रजी अक्षरे नि आकडे, त्यास ना अर्थ ना अंत. लोक समजले, कोणाच्या तरी संगणकास रोग लागला, आणि पत्र पुसून मोकळे होत. बाईही पुसत. अखेर नाशिकचे मोघे अण्णा, निवृत्त तबलाशिक्षक, राज्यातील जुने गृहस्थ, यांनी फोन केला आणि बोलिले, "मंदाताई, माझं मशीन अर्धा तास नुसतं इक्वल इक्वल करतंय. हे ज्या पत्त्यावरून येतंय तो पत्ता बंद करून टाका एकदाचा." बाई म्हणाल्या, "रविवारी करते, अण्णा."

रविवारी सकाळी चहा घेऊन बाई तो पत्ता बंद करावयास बैसल्या, आणि त्याआधी आपली खासगी डाक ऐकावी म्हणोन उघडिली, तो तीत एक पत्र, राज्याच्या पत्त्यावर नव्हे, खुद्द बाईंच्या नावे, आणि मजकूर स्वच्छ. लिहिले होते ऐसे: "मी काशिनाथ ठोसर, बार्शी. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दीड वर्षापूर्वी काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. आपल्या मंडळात सहा पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. राग नाही. नवखा माणूस, माझंच काही लिहिण्यात चुकलं असेल. माझं नाव काढून टाकावं. आपला वेळ घेतला, क्षमा असावी." खाली फोन नंबर होता. बाईंनी धाडणाऱ्याचा पत्ता पुन्हा पुन्हा वाचवून घेतला, आणि तो तोच होता, जो बंद करावयास त्या बैसल्या होत्या. चहा तसाच राहिला आणि बाईंनी फोन लाविला.

"ठोसरकाका, मी मंदाकिनी, मिरजेहून."

"हां, ताई. नाव काढलंत का?"

"नाही काढलं. काका, तुमची पत्रं आम्हाला वाचताच आली नाहीत. वाटेत मोडली ती."

 मग ठोसर हळूच म्हणाले, "म्हणजे वाचून कुणी गप्प बसलं, असं नाही?"

"कुणी वाचलीच नाहीत. मीसुद्धा कचरा समजून पुसली. सहाही."

"अस्सं," ठोसर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा सैल जाहला. "दीड महिना मी आमच्या हिला, सिंधूला, सांगतोय, आंधळ्यांनासुद्धा मी नको झालोय."

हे ऐकोन बाई म्हणाल्या, "चार दिवस द्या मला. नाव राहू दे."

"राहू द्या," ठोसर बोलिले.

मग बाईंनी बँकेत रजा टाकिली आणि शोध आरंभिला. प्रत्येक ईमेलच्या माथी, मजकुराआधी, एक मायना असतो, त्यास हेडर म्हणतात. पत्र कोणाचे, कोणास, कोणत्या विषयाचे, कोणत्या लिपीत वाचावे, हे सारे त्यात. आणि राज्याचे दप्तरी प्रत्येक पत्राच्या दोन प्रती राहत, एक आले तशी, एक गेली तशी. पत्रे वाटण्याचे यंत्र पुण्यास होते आणि त्याची देखभाल शबाना मुजावर नावाच्या इंजिनियर करीत. त्यांनी दोन्ही प्रती पडद्यावर शेजारी मांडिल्या, निरखिल्या, आणि फोनवर म्हणाल्या, "मॅडम, विषयाच्या आधी आपल्या मंडळाचं नाव लागतं, तेवढं सोडलं तर मला दोन्ही सारख्याच दिसतात."

"मी ऐकून बघते," बाई म्हणाल्या, आणि यंत्रास आज्ञा केली की एकेक खूण सुटी वाच. मग आधी आलेली प्रत ऐकिली, आणि मग गेलेली, आणि पुन्हा आलेली, ऐसे दोन प्रहर चालले, कान शिणले, मान आखडली. आणि आलेल्या प्रतीत विषयाची दुसरी ओळ सुरू होताना यंत्र म्हणे, "स्पेस," म्हणजे रिकामी जागा, आणि मग अक्षरे. गेलेल्या प्रतीत थेट अक्षरेच. बाईंनी चारदा खात्री केली आणि फोन उचलिला. "शबाना, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीची स्पेस कुठं गेली?"

शबानांनी पडदा जवळ ओढिला. "अगं बाई! मॅडम, डोळ्यांसमोर होतं हो."

कारण ऐसे निघाले की, लांब विषय एका ओळीत न मावला तर ओळ मोडावी, आणि पुढील ओळीच्या आरंभी एक रिकामी जागा सोडावी, म्हणजे वाचणारे यंत्र जाणते की मागलेच चालू आहे. मंडळाचे नाव जोडताना पुण्याचे यंत्र ओळ नव्याने मोडी आणि ती जागा गिळून टाकी. मग घरोघरची यंत्रे समजत की मायना संपला, आणि लिपीची सूचनासुद्धा मजकुरात सांडून सारे पत्र बरळ होई. इतर लोक "नमस्कार" किंवा "मदत हवी" इतकाच विषय लिहीत, त्यांचे मोडण्याजोगे काही नव्हते. ठोसरांचे सहाही विषय लांबलचक, पहिला ऐसा: "चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केलेल्या माणसाने डोळे गेल्यावर आपल्या हातांचे काय करावे".

शबानांनी दोष काढिला, लांब विषयाचे पत्र धाडून पाहिले, ते निर्मळ पोचले. मग बाईंनी दप्तरातून ठोसरांची सहा पत्रे काढोन स्वतः ऐकिली. एकात लिहिले होते की भिंतीवरचे घड्याळ चाचपत खोलले, एक स्क्रू हरवला, दिवसभर जमिनीवर हात फिरविला. सहावे पत्र सर्वांत लहान: "आज माझा वाढदिवस. सहासष्ट पूर्ण झाली. बाकी काही नाही." ते बाईंनी पुन्हा एकदा वाचवून घेतले. मग सहाही पत्रे क्रमाने साऱ्या राज्यास धाडिली आणि वर आपल्या हाते लिहिले: "ही पत्रं कचरा नव्हती. मीही पुसली होती. कृपा करून आता ऐका."

मग उत्तरे निघाली. पहिले मोघे अण्णांचे: "ठोसर, पत्ता बंद करा म्हणणारा मीच. कान धरून माफी मागतो. वाढदिवसाच्या, उशिरा का होईना, शुभेच्छा." आणि धुळ्याच्या एक बाई शिवणकाम करीत, त्यांनी लिहिले की बारीक स्क्रू कणकेच्या गोळ्यावर ओळीने टोचून ठेवावेत, हरवत नाहीत आणि क्रमही चुकत नाही, आणि कोणी सायकल दुरुस्त करणारे, कोणी पेटीचे सूर लावणारे, कोणी ज्यास काहीच सांगता येईना म्हणोन नुसते "मी ऐकतोय" इतकेच लिहिणारे. दुसरे दिवशी दुपारी बाईंनी बार्शीस फोन लाविला. कोणी तो उचलिला परंतु कानास लाविला नाही, पलीकडे बोलका संगणक एकामागोन एक पत्रे वाचीत होता, आणि सिंधूबाईंचा आवाज आला, "अहो, भाकरी निवली की."

"थांब गं," ठोसर म्हणाले, "माणसं बोलतायत."

बाईंनी आवाज न करिता फोन ठेविला.

ऐसे हे वर्तमान. दोष यंत्राचा ठरला, परंतु बाईंनी तो आपलाही मानिला, आणि न कळणारे पत्र पुसण्याआधी धाडणाऱ्यास विचारावे ऐसा शिरस्ता त्या राज्यात पडला. घडले तितके लिहिले. चुकले असेल ते लिहिणाऱ्याचे.